एका चार्जिंगला सत्तर

१ डिसेंबर १९९६, रविवार. फैजपूर

गेले. सहाच्या एसटीने.

जूनमध्ये मी इथल्या शाळेची हेडमास्तरीण झाले तेव्हा हे म्हणाले होते, "तुला शाळा प्यारी, मला फॅक्टरी." तेव्हापासून हे असंच. वरणगावहून एक रविवार आड येतात, जेवतात, चपला घालतात. रात्री राहत नाहीत. मीही 'राहा' म्हणत नाही – माझंही नाक काही लहान नाही.

आज हात धुताना म्हणाले, बॅटरीवरची स्कूटर घेतोय. एका चार्जिंगला सत्तर किलोमीटर, दोन युनिटांत. जाऊन-येऊन साठच होतात. म्हणजे परत जायची सोय आधी पाहिली. जाहिरातीचा कागद विसरून गेले.

५ डिसेंबर

कागद आज नीट वाचला. सत्तरच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत – एक स्वार, वजन साठ किलो, सपाट रस्ता, वेग पंचवीस. हे ब्याऐंशी किलोचे. साठ किलोचे होते ते लग्नात!

तेव्हाचा फोटो काढून बघत बसले. पेपर तपासायचे राहिले.

१५ डिसेंबर, रविवार

आले – स्कूटर ढकलत. गल्लीच्या तोंडाशीच बॅटरी संपली. मागे भरताच्या वांग्यांचं पोतं, पायाशी कळण्याच्या भाकरीच्या पिठाचा डबा, आणि पळवली चाळीसने. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला? म्हणे, "घरी रिकाम्या हातानं यायचं का?"

घरी म्हणाले. माझ्या खोलीला.

चार्जर जिन्याखाली लावला. रात्रभर लावून ठेवावा लागतो. मालकीणबाई अमिनाबी म्हणाल्या, "पितांबरभाऊ, आज ऱ्हाऊन जा ना. गाडी बी थकेल शे." हे म्हणाले, सकाळची पाळी आहे. गाडी माझ्याकडे ठेवून सहाच्या एसटीने गेले.

भरीत केलंच नाही, पोतं अमिनाबींना देऊन टाकलं. एकटीसाठी कोण वांगी भाजणार?

१६ डिसेंबर

गाडी भरली. जिन्याखालच्या प्लगचं विजेचं मीटर वेगळं आहे, ते बरोबर दोन युनिट पुढे. कंपनी युनिटांचं खरं बोलते, किलोमीटरचं तिच्या सोयीने. दोन युनिटांत सत्तर म्हणते, यांना मिळाले तीस.

शाळेत जाताना गाडीच्या सीटवरून हात फिरवला. वेडीच आहे मी.

२२ डिसेंबर, रविवार

गाडी न्यायला एसटीने आले. मी वर्गात शिकवावं तसं शिकवलं – पंचवीसच्या वर जायचं नाही, टायरात हवा भरून घ्यायची, ओझं अजिबात नाही. मग जाऊन-येऊन आरामात होईल. मान डोलावून ऐकत होते.

गेल्यावर लक्षात आलं, मी यांना परत जायचंच शिकवलं. राहा म्हणायला जीभ का वळत नाही माझी?

२९ डिसेंबर, रविवार

रिकाम्या हाताने आले. पंचवीसच्या वर गेलो नाही म्हणाले – दीड तास लागला, रस्त्यात सायकलवाले पुढे गेले. जेवण झालं. पाच वाजता खाली जाऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"बॅटरी संपली."

"मग?"

"मग काय, रात्रभर लावावी लागेल."

एसटीला अजून तासभर होता. यांना आठवण झाली नाही. मी करून दिली नाही. अमिनाबींकडून दोन वांगी मागून आणली, भरीत केलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या यांनी.

३० डिसेंबर

हे अंघोळीला गेले तेव्हा मीटर पाहिलं. एकच युनिट पुढे. म्हणजे काल अर्धी बॅटरी शिल्लक होती, वरणगाव गाठता आलं असतं. सकाळच्या पाळीचं विचारलं, तर म्हणे शुक्रवारीच बदलून घेतली.

निघताना सीट पुसत म्हणाले, "ती जाहिरात खोटी आहे. तुझं सगळं ऐकलं, तरी परत जाण्यापुरती पुरत नाही."

मी म्हटलं, "हो ना. इथेच लावत जा."