तांदळाच्या खिरीनंतर केलेले मृत्युपत्र

मी, जयमाला श्यामसुंदर दाबके, वय पंचाहत्तर पूर्ण, धंदा घरकाम, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. धर्मराज बाबर यांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या दवाखान्यातला नळ गळतो आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला माणसाजवळ येऊन बसावे लागते, आणि या घरात तेवढी सवड कोणाला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. ही बुद्धी मला आत्ताच का झाली ते आधी लिहिते, म्हणजे मागाहून कोणी 'म्हातारीचे कान भरले' असे म्हणायला नको.

गेल्या महिन्यात माझा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. माझा मुलगा निशांत आणि सून सुचिता यांनी तो सोसायटीच्या हॉलमध्ये केला. मला एका सजवलेल्या खुर्चीत बसवले, मागे फुगे लावले. पाहुणे ताटल्या हातात घेऊन उभ्याउभ्या जेवत होते, फिरत होते, एकमेकांच्या ताटलीत बोटे घालत होते. मला मात्र ताट मांडून दिले. त्यात तांदळाची खीर होती, ती काचेच्या चिमुकल्या बरणीत, वर गुलाबाची पाकळी. उडदाचे वडे होते. कढी होती. गवार-भोपळ्याची भाजी, कारल्याची भाजी आणि आमसुलाची चटणी होती.

ज्यांना यात काही वावगे दिसत नाही त्यांच्यासाठी खुलासा करते. आमच्या घरात हा स्वयंपाक वर्षातून एकदाच होतो, आणि ज्याच्यासाठी होतो तो जेवायला येत नाही. हे श्राद्धाचे ताट आहे. शुभकार्याला आम्ही शेवयांची किंवा गव्हल्यांची खीर करतो. तांदळाची खीर आणि वडे आम्ही पितरांना वाढतो. मला औक्षण केले, टाळ्या वाजवल्या, आणि माझेच श्राद्ध माझ्यापुढे आणून ठेवले. हॉलमध्ये इतकी माणसे होती, एकाच्याही ध्यानात आले नाही. माझी मुलगी अस्मिता खास पुण्याहून आली होती. तिने बरणीचा फोटो काढला आणि तो 'आईचं फेव्हरिट' असे लिहून सगळ्यांना पाठवला. एरवी ती गोडाला हात लावत नाही, शुगर सोडली आहे म्हणते. फोटो काढायला तिला शुगर चालते. मी ताटाला हात लावला नाही. सुचिता म्हणाली, आईंना दगदग झाली.

कलम दोन. सबब माझ्या मृत्यूनंतर माझे श्राद्ध घालू नये. ते झालेले आहे. गुरुजी नव्हते, पण पाहुणे भरपूर होते आणि फुगेही होते. एकदा जिवंतपणी आणि पुन्हा मेल्यावर श्राद्ध घालायची चाल आमच्यात नाही.

कलम तीन. मिळकतीकडे वळण्याआधी रोजच्या गोडाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावरच ठरली आहे.

आमच्याकडे रात्रीच्या जेवणात गोडाचे काहीतरी असायचेच. सणासुदीचे म्हणत नाही मी, रोजचे. शिकरण, गूळ-तूप-पोळी, शेवयांची खीर, उरलेल्या पोळ्यांचा लाडू, भोपळा मिळाला तर घारगे. याला कारण माझे यजमान, कै. श्यामसुंदर. ते पावणे गावच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथल्या उग्र वासांनी त्यांचे नाक गेले आणि नाकामागोमाग तोंडाची चव गेली. आमटी काय, भाजी काय, त्यांना सगळे ओल्या पुठ्ठ्यासारखे लागे. जिभेला गोड तेवढे कळत असे. दिवसभरात एक घास तरी त्यांना कळावा म्हणून मी रोज वाटीभर गोड करत असे आणि पानात पोळीशेजारी वाढत असे. मुलांनाही तेच. कोणी कधी 'आज काय विशेष' असे विचारले नाही, कारण विशेष काही नसायचेच.

यजमान गेले तरी मी करत राहिले. हात थांबेना. पण आता त्याची काय गत होते ते लिहिताना मला शिसारी येते. शिकरणीला सुचिता तिच्या मैत्रिणींसमोर 'बनाना पुडिंग' म्हणाली. माझ्या शिऱ्यावर तिने डब्यातून फुस्स करून पांढरा फेस सोडला. तो फेस गरम शिऱ्यावर वितळून शिऱ्याचा लगदा झाला, आणि तो लगदा ती 'फ्यूजन' म्हणून खाऊन गेली. चिया नावाचे बी दुधात भिजवून ती फ्रिजमध्ये ठेवते. बेडकाच्या अंड्यांसारखे ते बुळबुळीत प्रकरण मी एकदा चाखले आणि बेसिनपाशी धावले. निशांतची तऱ्हा वेगळी. तो मोबाइलमध्ये बघत पातेल्यातूनच खीर खातो, तोंडातला चमचा परत पातेल्यात घालतो आणि ते उष्टे पातेले तसेच फ्रिजमध्ये सारतो. सकाळी खिरीला पाणी सुटलेले असते. मग सुचिता म्हणते, आईंची खीर टिकत नाही.

रात्री दारावर हॉटेलचे डबे येतात. तो आपला डबा घेऊन बाहेरच्या खोलीत, ती आतल्या खोलीत, आणि मी या टेबलाशी. डब्यांच्या बुडाची लाल तेलकट वर्तुळे ओट्यावर उमटतात ती मी सकाळी घासते. केलेले गोड मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या सफियाकडे देते. सफिया करीम मुकादम मूळची श्रीवर्धनची, आमच्याच मजल्यावर राहते, आणि तिच्या घरी अजून सगळे एकत्र जेवतात.

कलम चार. हा राहता फ्लॅट यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून निशांतचे नाव आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वकिलांनी मला नीट समजावून दिले आहे. निशांतलाही ते समजावे म्हणून इथे लिहिते. सुचिताला ओटा तोडून ओपन किचन करायचे आहे. तिने कंत्राटदाराला बोलावून माझ्यादेखत भिंत मोजून घेतली, मी फोडणी करत असताना. मला थोडे सरकायला सांगितले.

या घरात मी जेवले की नाही हे बघणारे कोणी माझे यजमान गेल्यापासून उरलेले नाही. ज्यांनी मला जिवंतपणी श्राद्धाचे ताट वाढले त्यांना हे घर देण्याची माझी इच्छा नाही. तरी सदर फ्लॅट माझ्या पश्चात अस्मिता हिला मिळावा. ती त्यातल्या त्यात बरी, कारण ती लांब राहते. बँकेतली ठेव निशांतने घ्यावी.

कलम पाच. भांडी. पितळेचे मोठे पातेले, पुरणयंत्र आणि जायफळाची किसणी अस्मिताला. तिने ती वापरावीत. कोनाड्यात ठेवून त्यांत प्लॅस्टिकची फुले खोचायची असतील तर आत्ताच भंगारात द्यावीत. लोखंडी कढई मला सफियाला द्यायची होती. पण जिला काही द्यायचे तिला साक्षीदार करता येत नाही, दिलेले रद्द होते, असे वकील म्हणाले. सफियाला विचारले तर ती म्हणाली, सही करते, कढई राहू दे. मी कढई त्याच दिवशी तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली. हयातीत दिलेल्या वस्तूला कायदा आड येत नाही. सबब कढई या मृत्युपत्रात धरू नये आणि तिच्या दारात मागायला जाऊ नये.

कलम सहा. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. हौसेराव घाडगे यांना आमच्या फडताळातला कस्टर्ड पावडरचा डबा. मुदत संपलेली आहे, ते मला माहीत आहे. सोसायटीच्या पाककृती स्पर्धेत माझ्या घारग्यांना डावलून बिस्किटे चुरून केलेल्या थंड गोळ्याला यांनी पहिले बक्षीस दिले, वर माइकवरून मला 'काकू, थोडं इनोव्हेटिव्ह करा' असा सल्ला दिला. घारगा तोंडात घालून त्यांनी तो कागदी रुमालात थुंकला होता. मी बघितले होते. डबा त्यांना सर्वांसमक्ष द्यावा.

कलम सात. माझ्या निधनाच्या बातमीत, फलकावर किंवा मोबाइलवरच्या निरोपात माझ्या हातच्या गोडाचे कौतुक करू नये. खायचे तेव्हा खाल्ले नाही. 'डेझर्ट' हा शब्द तर माझ्या नावाशेजारी कुठेही येता कामा नये.

कलम आठ. इथपर्यंत मी रविवारी सकाळी लिहिले. पुढचे त्याच दिवशी दुपारी लिहीत आहे, आणि शाई वेगळी दिसली तर त्याचे कारण तेवढेच.

मधल्या वेळात निशांत पाणी प्यायला आत आला. वाढदिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतेच बोलत होते. माझे एवढे काय बिनसले आहे असे त्याने विचारले. मी सांगून टाकले: तांदळाची खीर, वडे, कढी, गवार, कारले, हे कोणाचे जेवण असते ते. सुचिताने मोबाइलवरून ती भिकार थाळी कुठून मागवली तेही विचारले.

तो समोरच्या खुर्चीत बसला. या टेबलाशी तो बसलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

"सुचिताने नाही मागवलं, आई. केटररला मेनू मी सांगितला," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून तुला पोटभर जेवताना मी एकदाच बघितलं. बाबांच्या वर्षश्राद्धाला. खीर तर तू दोनदा मागून घेतलीस. मला वाटलं, तुला तेच आवडतं. एक-एक पदार्थ आठवून लिहून दिला गं त्याला."

तो पाण्याचा ग्लास तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेला. ग्लास मलाच विसळावा लागला.

सबब कलम चारमधील फ्लॅटबाबतचा मजकूर मी रद्द करते. सदर फ्लॅट निशांत यास मिळावा. बँकेतली ठेव अस्मिता हिने घ्यावी आणि वाईट वाटून घेऊ नये. फ्लॅटला मी कोणतीही अट घालत नाही. ओटा तोडायचा असेल तर तोडावा. वकिलांना फोन केला तर त्यांचे म्हणणे पडले की कागद नव्याने लिहा, असे बरे दिसत नाही. मी नकार दिला. काय खोडले आणि कोणासाठी खोडले ते मुलांना दिसू दे. खाडाखोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही घेत आहे. बाकीची सर्व कलमे, त्यांतल्या किळसेसकट, कायम आहेत.

निशांत, एक गोष्ट तुला दुपारी तोंडी सांगता आली नाही, ती इथे लिहिते. तांदळाची खीर मला कधीच आवडली नाही. वर्षश्राद्धाला गुरुजींनी पाट मांडायला लावले म्हणून तू, सुचिता, अस्मिता, जावई आणि मी एका पंगतीला बसलो होतो. पंगतीत शेवटच्या माणसाचे पान संपेपर्यंत कोणी उठायचे नसते, एवढे तुम्हाला अजून आठवत होते. मी खीर मागत राहिले तोवर तुम्ही बसून राहिलात.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली.

सही
जयमाला श्यामसुंदर दाबके

जयमालाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही दोघांनी केली.

साक्षीदार:
१. सफिया करीम मुकादम, शेजारी (सही)
२. डॉ. धर्मराज बाबर (सही)

ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: १९ जानेवारी २०२६