काटा बरोबर आहे

जिंतूर,
१२ मार्च १९५८

डॉक्टरसाहेबांना नमस्कार,

बालआरोग्य निधीच्या वार्षिक रेडिओ कार्यक्रमासाठी यंदा आमच्या केंद्रातून वजन भरलेलं एकही मूल मिळालं नाही, म्हणून काटा तपासायला माणूस पाठवत असल्याचं आपण कळवलंत. काटा बरोबर आहे. मी रोज सकाळी पाच पौंडांचं माप ठेवून पाहते.

गेल्या वर्षी मंचावर आपण ज्याला हार घातलात, तो भिवराबाईचा धोंडीबा. वजनाच्या दिवशी तिने त्याच्या पायातले वाळे काढले, तरी बावीस पौंड भरले. ती म्हणाली, "बाई, जरा कमी लिव्हा की. बावीस झालं की दूध बंद करतेत तुमी." मी म्हणाले, काट्यावर दिसतं तेच मी लिहिते. रेडिओवर टाळ्या वाजल्या, देणग्या आल्या आणि नियमाप्रमाणे त्याचं दूध बंद झालं. भादव्यात त्याला हगवण लागली, तेव्हा तो सतरा पौंडांचा होता. तेही मीच लिहिलं. त्यानंतर त्याच्या पानावर काही लिहायचं उरलं नाही.

यंदा नऊ मुलं बावीसच्या वर गेली आहेत. रजिस्टरात ती सगळी साडेएकवीस आहेत.

आपला माणूस सोमवारी येईल. त्याला काट्यात दोष सापडणार नाही, मग आपण मला विचाराल. उत्तर म्हणजे हेच पत्र, पण ते पाठवायचं बळ आज नाही.

भिवराबाई आता धाकटीला आणते. वाळे काढायला वाकली की मी म्हणते, "राहू द्या."

आपली,
वत्सला देऊळगावकर
परिचारिका