खाटेएवढं गवत

१४ ऑक्टोबर
आले एकदाची! टोकावड्याच्या वरचा माळ, कडेला माझी खोली आणि नजर पोचेल तिथवर कमरेइतकं गवत. पाऊस सरला, आता जूनपर्यंत सगळं कोरडं. यंदाच्या पावसावर माळावर किती गवत आलं, ते कापून तोलायचं, हे माझं काम. पाड्यावरची बाईजा भाकऱ्या करून देते. माझ्या मोज्यांत कुसळं शिरली तर पोट धरून हसली. आवडली मला.

२ नोव्हेंबर
कापणी उरकली. बोडक्या माळाच्या मधोमध खाटेएवढा तुकडा तेवढा उभा. दरवर्षी सोडतात म्हणे. माळावर जो राहतो, त्याला उन्हाळाभर उभ्या गवताचं घर लागतं, असं बाईजाचं म्हणणं. माझ्या मोजणीला तो तुकडा हवाच होता. कोणी विळा लावेना, शेवटी मीच कापला. बाईजा रडली. मला तिचा राग आला आणि थोडी लाजही वाटली.

५ नोव्हेंबर
वारा अजिबात नाही, तरी दुपारभर गवताची सळसळ. कापलेल्या माळावर! खुणेसाठी काल रोवलेला हिरवा बांबू पिवळा पडलाय. हात लावला तर भुसा झाला.

८ नोव्हेंबर
बाईजाची शेळी माळावर मेली. उभ्या उभ्या. तोंडातून कुसळं बाहेर आली होती. गवत परत रोवू का, मी बाईजाला विचारलं. पाऊस पडेपर्यंत काही धरणार नाही, म्हणाली.
"बाय, माळावं थांबू नका. चालत रावा. दमलात तर आडव्या पडा. आडव्याला तो शिवत नाय."
मी घाबरलेय. उद्याच्या एसटीनं जाणार. रस्ता माळावरूनच.

९ नोव्हेंबर, सकाळ
दारातून दिसतंय, माळाच्या मध्यावर बाईजा उभी. मला सोबत करायला आली, वाट पाहत थांबली असणार. हाक मारली, वळली नाही. वारा नाही, आणि ती डुलतेय—

दुपार
तिच्या पायाशी आडवी पडून लिहितेय. डोळे ओले आहेत तिचे. जिवंत आहे. माझ्यामुळे.

तिचे पाय ओढले. हलत नाहीत. बोटं पिवळी—

आडवी झाली तर सुटेल. खांदे धरून खाली ओढायला हवं. पण त्यासाठी मला उभं