जुन्या कार्डाचा मसाला

मंगळवार, ३ मार्च

परत ढकललं ताट! सकाळी मऊ भात, दुपारी सूप, संध्याकाळी बटाटा कुस्करून. तिन्ही वेळा सासूबाईंनी डाव्या हाताने ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. उजवा हात आणि वाचा, दोन्ही अर्धांगाच्या झटक्यात गेली. हट्ट तेवढा शाबूत आहे.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वजन आणखी उतरलंय. म्हणाल्या, 'गिळायला काही अडचण नाही. अशा दुखण्यात कधीकधी जिभेची चव मंदावते. त्यांना आवडेल ते द्या. १२ तारखेला गुरुवारी पुन्हा येते. तोवर खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.'

नळी म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले. ऐकू सगळं येतं त्यांना.

आवडेल ते म्हणजे नेमकं काय? बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरतोय, पण मसाल्याचा काळा डबा त्यांचा. संपला की पिशवी घेऊन एकट्या निघायच्या. मी येते म्हटलं की ठरलेलं उत्तर – 'तू राहू दे, मी आणते.' जसं काही मी त्यांचं गुपित चोरून पळणार होते! आता डबा रिकामा आहे. त्या दवाखान्यात गेल्या त्याच आठवड्यात संपला. म्हणजे घरी आल्यापासून त्या माझ्या हातचं बिनमसाल्याचं खाताहेत. मीसुद्धा ढकललं असतं.

बुधवार, ४ मार्च

दुकान सापडलं. नवऱ्याला आईच्या दुकानाचा पत्ता नीट सांगता येईना. 'घड्याळजीच्या मागे कुठेतरी' एवढंच. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, शेवटी नाकानेच रस्ता दाखवला.

अरुंद दुकान, भिंतभर लाकडी खण, मागे जातं घरघरतंय. तयार पुडी एक नाही. जो येईल त्याच्यासमोर भाजायचं आणि दळायचं. दोरीला चष्मा बांधलेले म्हातारे मालक. त्यांनी दालचिनीची काडी माझ्या नाकाखाली मोडली – आणि मी दोन पावलं मागे सरले! ही दालचिनी असेल तर माझ्या बरणीत आहे ते लाकूड आहे. मग जायफळ फोडून दाखवलं, लालभडक जायपत्रीत गुंडाळलेलं. मोठी वेलची, धुराच्या वासाची. जिरं तळहातावर चोळलं तर वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. सूपचा मसाला वेगळा, बटाट्याचा वेगळा, चहाचा वेगळा. मी सगळं विसरून अर्धा तास नुसती हुंगत उभी! पंचेचाळीस वर्षांची झाले आणि मिरी ताजी असते तेव्हा तिला फळासारखा वास येतो हे मला आज कळलं.

मग पिशवीतून काळा डबा काढला. चष्मेवाल्यांनी तो लगेच ओळखला. 'त्या स्वतः का नाही आल्या?' सांगितलं. ते जरा वेळ डब्याचं झाकण पुसत राहिले. मग खणातून त्यांच्या प्रमाणाचं कार्ड काढलं, माझ्याकडे पाठ करून वाचलं आणि मोजून दळून दिलं.

म्हटलं, प्रमाण लिहून द्या, घरी करत जाईन. 'कार्ड ज्याचं त्यालाच, बाई. त्यांच्या यजमानांनाही कधी दाखवलं नाही.'

शिष्ट कुठले!

गुरुवार, ५ मार्च

वास तोच. रंग तोच. मी चाखलं, चव तीच, बावीस वर्षांची! बटाट्यात घातला, सूपमध्ये घातला. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घेतला, चघळला, आणि ताट सरकवलं.

मी बशी ओट्यावर आपटली. फुटली. बरं झालं.

शनिवार, ७ मार्च

काल सूपचा मसाला, आज बटाट्याचा. दोन्ही नापास. वेलची घातलेलं दूध तेवढं प्यायल्या, तेही औषधासारखं.

नणंदेचा फोन. 'वहिनी, आईला तिच्या चवीचं दे गं.' मग काय माझ्या चवीचं देतेय? वर तिचं ठेवणीतलं वाक्य – 'लहानपणी आईच्या हातचं जेवण काय लागायचं! नंतर बदललंच तुमच्याकडे.' दर सुट्टीत येऊन हे ऐकवते. सासूबाई तिला दरवेळी डोळ्यांनी गप्प करायच्या. मला मेलीला वाटायचं, निदान माझी बाजू तरी घेतात.

आणि मी काय कमी सोसलं? लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस इथलं जेवण घशाखाली उतरायचं नाही. जीभ पोळायची, डोळ्यांना धार. कुणाला बोलले नाही. नुसता भात खाऊन उठायचे. पण पंधरा दिवसांत सरावले! त्याचा मला अजून अभिमान आहे. माहेरी सगळे म्हणाले होते, हिला नाही जमायचं.

रविवार, ८ मार्च

ठरवलं, सरळ विचारायचं. पलंगाशी बसले. म्हटलं, 'आई, दुकानातलं तुमचं कार्ड बघू का मी? प्रमाण कळलं तर कमीजास्त करून बघता येईल.'

मानेने नाही. एकदा नव्हे, तीनदा! घरी आल्यापासून एवढं ठाम उत्तर त्यांनी कशालाच दिलेलं नाही.

इतका राग आला की उठून गच्चीवर गेले. नाकात नळी चालेल, पण सुनेला मसाला कळता कामा नये! मी त्यांची वेणी घालते, अंग पुसते, रात्री कूस बदलून देते. आणि यांना अजून मी परकीच.

नवरा म्हणतो, 'अगं, तिच्या डोक्यात काय चाललंय आपल्याला काय कळणार?' याचं हे आयुष्यभर चालू आहे, दोन्हीकडून हात वर.

सोमवार, ९ मार्च

शिवणाच्या कारखान्यात कामाला गेले. आज तिथेही लक्ष नव्हतं. एका जाड्या वकीलबाईंचा कोट पुन्हा आला. कंबर वाढलीय, पण त्या म्हणतात कापड आटलं. आम्ही नेहमीसारखी गुपचूप शिवण उसवून दोन बोटं वाढवली आणि त्यांच्या मापाच्या कार्डावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं. त्या घालून बघतात, खूश होतात. 'बघा, माझं माप काही बदललं नाही!' आम्ही माना डोलावतो.

सासूबाई – अर्धा पेला दूध. बस्स.

मंगळवार, १० मार्च

आज दुकानात भांडले. चार गिऱ्हाइकांसमोर. रडायचं नव्हतं, तेही झालं.

म्हटलं, 'दोन दिवसांनी त्यांना नळी घालणार आहेत. काळ्या डब्याचा मसाला त्या तोंडात धरत नाहीत. तुमच्या मसाल्यात आता दमच राहिला नाही!'

चष्मेवाले ताडकन उठले. 'दम? दम काढून टाका म्हणून मला कुणी सांगितलं होतं?'

आणि जीभ चावली.

'कुणी सांगितलं होतं?' मी विचारलं. ते चष्मा पुसायला लागले. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. मग म्हणाले, 'बाई, कार्डावरच्या जुन्या प्रमाणाने दळून देऊ का?'

'जुनं कुठलं?'

'दळू की नको?'

दळा म्हटलं. मिरी मापं भरभरून घातली, लाल मिरच्या वेगळ्या भाजल्या. सगळं दुकान शिंकत होतं. वेड्या माणसाशी गाठ पडली आहे माझी. पण पुडी घेऊन आले.

बुधवार, ११ मार्च

खाल्लं!! वाटीभर! मऊ भात आणि बटाटा, वर तो जुना मसाला. पहिल्या घासाला त्या थांबल्या. डोळे मोठे झाले. मग तोंड उघडलं, पिलासारखं. पुन्हा. पुन्हा. कपाळावर घामाचे थेंब, आणि वाटी रिकामी.

आहे तरी काय यात म्हणून मी बोटाने चाखलं आणि नळाकडे धावले. जीभ नुसती पेटली! परत येऊन बघते तर सासूबाई हसताहेत. वाकडं, एका बाजूने, पण हसूच. मग माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलं त्यांना. पाण्याचा पेला डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला.

जीभ दुपारपर्यंत पोळत होती. ही आग ओळखीची वाटली. कुठली ते काही केल्या आठवेना.

गुरुवार, १२ मार्च

नळी नको! डॉक्टरीणबाई दारातूनच हसत गेल्या.

आईंना पुन्हा विचारलं, बघू का कार्ड? मग मान हलवली. हो.

दुकानात चष्मेवाल्यांनी विचारलं, 'नक्की हो म्हणाल्या?' मग कार्ड माझ्या हातात दिलं. वरचं जुनं प्रमाण आडव्या रेघेने खोडलेलं. खाली आईंच्या अक्षरात नवं. तारीख आमच्या लग्नानंतरच्या तेराव्या दिवसाची –

'मिरी निम्मी. लाल मिरची बंद. सून नुसता भात खाऊन उठते. तिला कळू देऊ नका. वाटू दे पोरीला, सरावली म्हणून.'

आज मी त्यांच्याच वाटीतलं जेवले. तोंड पोळलं. बोलले नाही.