मागे वाचायचं नाही

५ फेब्रुवारी २००७, सोमवार. सकाळी ८:४०
नवी वही. नियम एकच: लिहिलेलं मागे वळून वाचायचं नाही. बार्शीला मळ्यात राहत होतो तेव्हा चौथीपर्यंत आत्याने घरीच शिकवलं. मी लिहिलेलं वाचायचे, खोडायचे आणि पान फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. शंभर पानी वहीत निबंध एक. पण आता मी चोवीस वर्षांची आहे आणि नांदे गावात नकाशे संगणकावर उतरवणाऱ्या एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळते.

संध्या. ६:१५
नवा फायरवॉल बसवला. डब्याएवढी पेटी. ऑफिसातून इंटरनेटवर काय जायचं आणि बाहेरून आत काय यायचं, हे ती ठरवणार. आत हार्ड डिस्क नाही, बोटाएवढी फ्लॅश चिप आहे. सारखं लिहिलं तर चिप झिजते, म्हणून पेटी एरवी ती फक्त वाचते. सेटिंग सेव्ह करताना तेवढी क्षणभर लिहिण्यासाठी उघडते. इतका नीटनेटका स्वभाव माणसांतही पाहिला नाही. चिपच्या कडेला इवलासा स्विच, त्याच्या एका बाजूला कुलपाचं चित्र. तो उघड्या बाजूला होता! हेअरपिनने कुलपाकडे सरकवून सुरक्षित केला. ऑफिसातला पियूष असता तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. मग अकरा नियम टाकले. सगळं सुरू.

दिग्विजय सर म्हणाले, २३ तारखेला नेटवर्क तपासायला क्लायंटकडून ऑडिटरबाई येणार. सगळं ठीक निघालं तर मी पर्मनंट. नाही निघालं तर नेटवर्क पियूषकडे आणि मी नकाशांवर रेघा मारणाऱ्या सहाजणींत सातवी. ठीकच निघेल.

६ फेब्रुवारी, मंगळवार
अकराला लोडशेडिंग. शिपाई भिकूने जनरेटर लावेपर्यंत सगळं बंद. पेटी परत सुरू झाली तर कोरी. अकराही नियम गायब. पुन्हा टाकले, वीस मिनिटं. दोनला वीज आली, जनरेटर बंद केला, पुन्हा कोरी. सेव्ह म्हटलं की म्हणते, लिहिण्यासाठी उघडता येत नाही. नवीन जागा आहे. रुळेल.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
निश्चय: रोज एक कारण निकालात काढायचं. आजचं कारण व्होल्टेज. ऑफिस आहे ते घर रत्नाबाईंचं, खाली त्या आणि त्यांची पिठाची गिरणी, वर आम्ही. वाऱ्याला म्हणून त्या आमच्या दारात तांदूळ निवडत बसतात. त्यांना नम्रपणे विचारलं, अकराच्या सुमारास गिरणी बंद ठेवाल का. त्या म्हणाल्या, "अकराला लाइटच जातीया, तर गिरनी काय पायानं फिरवू?"
व्होल्टेज निकालात.

दुपारी चिप लिहिण्यासाठी उघडायची आज्ञा स्वतः टाइप केली. आधी साधी. मग जबरदस्तीची. दोन्हींना उत्तर एकच: राइट-प्रोटेक्टेड. एवढ्या गोंधळातही संरक्षण शाबूत आहे, ही जमेची बाजू.

१२ फेब्रुवारी, सोमवार
तात्पुरता उपाय: अकरा नियम पाठ केले. आत्याने पाढे पाठ करून घेतले तसेच, हेल काढून. पहिला, बावीस नंबरचं दार बंद. दुसरा, पंचवीस फक्त मेलला. तिसरा, त्रेपन्न सगळ्यांना. कागद न बघता टाकायला नऊ मिनिटं. रत्नाबाईंनी विचारलं, "कंचं स्तोत्र म्हन्तीस गं पोरी?" मी म्हटलं, कामाचं आहे. त्या म्हणाल्या, "म्हन म्हन. ऐकायला बरं वाटतंय."

१४ फेब्रुवारी, बुधवार
इंटरनेटवरच्या मंचावर सविस्तर प्रश्न लिहिला होता, पंचेचाळीस ओळींचा. ब्राझीलच्या एका गृहस्थांचं एका ओळीत उत्तर: चिपवर स्विच आहे का, बघितलंत का? इतका प्राथमिक प्रश्न. मी कळवलं की तो स्विच मी पहिल्याच दिवशी सुरक्षित करून ठेवला आहे. त्यावर त्यांनी नुसता हसरा चेहरा पाठवला. सौजन्य आहे. ज्ञान बेताचं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
नवी शक्यता. चिप ठीक, वीज ठीक, मी ठीक. उरतं कोण? पियूष. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि शीळ घालतो. पेटी कोरी झाली की म्हणतो, "झालं का तुझं पारायण सुरू?" त्याला आधीच कसं कळतं? (लाइट गेलेली सगळ्यांनाच दिसते, हे मान्य.) माझं बिघडलं तर नेटवर्क त्यालाच मिळणार. उगाच कुणाचा संशय घेऊ नये. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

१९ फेब्रुवारी, सोमवार
रविवारी दिवसभर मन खात होतं. लपवून ठेवणं हासुद्धा खोटेपणाच. म्हणून सरांना सांगितलं की पेटीत कुणीतरी ढवळाढवळ करत असावं. नाव घेतलं नाही. सरांनी विचारलं, पियूष? मी म्हटलं, मी नाव घेतलेलं नाही. सर बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले.

पियूषने आज माझ्यासाठी वडापाव आणला. घेतला नाही. मग घेतला. वाया गेला असता.

२१ फेब्रुवारी, बुधवार
अकराही नियम चार मिनिटं दहा सेकंदांत! खरं तर आता नियम पेटीत राहिले नाहीत तरी अडत नाही. ते माझ्यात आहेत. सर्वांत सुरक्षित जागा. ऑडिटरबाईंना हेच समजावून सांगीन.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्या. ७:००
अकराला लाइट वेळेवर गेली. जनरेटर. पेटी कोरी. मी शांतपणे सुरुवात केली. ऑडिटरबाई मागे उभ्या. सहापर्यंत उत्तम. तेवढ्यात त्यांनी विचारलं, हे रोज हाताने टाकता? आणि सातवा गेला. डोळ्यांसमोर पांढरं.

दारातून, सुपातली नजर न काढता, रत्नाबाई म्हणाल्या, "सातवा चारशे त्रेचाळीसचा, पोरी. क्लायनला उघडा."

बाईंनी विचारलं, या कोण? सर म्हणाले, घरमालकीण. बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, यांना तुमच्या फायरवॉलचे किती नियम ठाऊक आहेत? रत्नाबाई म्हणाल्या, "अकराच हायेत की. त्यातला नववा जरा अवघड हाय."

तेही लिहून घेतलं. दोन ओळी लागल्या.

पियूषने पेटी बंद करून उघडली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "अगं, हा स्विच लॉकवर आहे. ती लिहिणार कशी?" पेनच्या टोकाने सरकवला. मी अकरा नियम टाकले, त्याने सेव्ह केलं, पेटी बंद करून चालू केली. अकराच्या अकरा जागेवर. सरांनी विचारलं, लॉक कुणी केला? सरांनी पियूषकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो शीळ घालत नव्हता.

मी स्विच सुरक्षित केला होता, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे नंतर कुणीतरी तो लॉक केला. सरांनी उद्या खुलासा मागितला आहे, पियूषकडून. माझ्याकडे तर लेखी पुरावा आहे, तारीख-वेळेसकट. उद्या पहिल्यांदा आणि शेवटचं, या वहीत मागे वाचणार. केवळ सत्यासाठी.

२४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७:१०
वाचलं.

७:३०
पुन्हा वाचलं. 'कुलपाकडे सरकवून सुरक्षित केला.' अक्षर माझंच आहे. आत्याने घोटून घेतलेलं, दुसऱ्या कुणाचं म्हणता येत नाही. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

११:४०
वही सरांपुढे ठेवली. पियूषसमोर. सरांनी पहिलं पान वाचलं आणि पुढची वाचू लागले, तेव्हा मी वही मागितली. त्यांनी १६ तारखेपर्यंत वाचून परत दिली. पर्मनंटचं तीन महिने पुढे. नेटवर्क पियूषकडे, मी त्याच्या हाताखाली. पियूषची माफी मागितली, दोनदा, दुसऱ्यांदा मुद्देसूद. तो म्हणाला, "पुरे गं. वडापावचं देणं आहे तुझ्याकडे, ते फेड. आणि हेअरपिन इकडे दे."

दुपारी २:१०
लाइट आली. पेटी सुरू झाली, नियम जागच्या जागी. मी खुर्चीत बसून होते. रत्नाबाई सूप घेऊन आल्या, बराच वेळ वाट बघितली, मग म्हणाल्या, "आज म्हनत न्हाईस?" मी सांगितलं, आता गरज नाही, पेटीच लक्षात ठेवते.

त्यांनी दोन खडे वेचून टाकले. म्हणाल्या, "आन् मग तू काय करतीस हितं?"