मशिनीच्या पोटातल्या मशिनी

८ फेब्रुवारी १९९३, सोमवार

आली एकदाची मशीन, नवा कॉम्प्युटर! टेम्पोतून उतरवायला चौघं, आणि मॅनेजर साहेब स्वतः छत्री धरून बाजूला — मशिनीला ऊन लागू नये म्हणून. मला आत बोलावलं. कारखान्यात टायपिंग येणारी मी एकटीच, त्यामुळे दिवाळीनंतर नागपूरच्या कोर्सला मलाच पाठवलं होतं. तिथे शिकलेलं निम्मं मशीन पाहताच डोक्यातून उडालं.

नागपूरहून इंजिनीअर आलाय, ओमप्रकाश नावाचा. माझ्या पोरापेक्षा, विजूपेक्षा, पाचसहा वर्षांनी मोठा असेल. हिंदी बोलतो, तीही भरभर. मी हो हो करत गेले.

९ फेब्रुवारी

आज थोडं कळलं. म्हणजे कळल्यासारखं वाटतंय, ते विसरायच्या आत लिहून टाकते.

आमचा धरमकाट्याचा प्रोग्राम जुना — ट्रक काट्यावर चढला की वजन घेतो, पावती काढतो. तो चालतो डॉसवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या पद्धतीवर. नवी मशीन युनिक्सची. तिला डॉस ठाऊक नाही. मग ओमप्रकाश काय करतो, युनिक्सच्या आत एक खोटी डॉसची मशीन उभी करतो. खोटी म्हणजे, हाताला लागेल अशी कुठेच नाही. फक्त प्रोग्रामला वाटतं की आहे, आणि तो बिचारा कामाला लागतो. अशा तीन मशिनी उभ्या करायच्या: एक धरमकाट्याला, एक हजेरीच्या टाइम ऑफिसला, एक डिस्पॅचला. तिन्हीकडे नुसता पडदा आणि कीबोर्ड, वायरीनं इकडे जोडलेला. बसणाऱ्याला वाटणार, अख्खा कॉम्प्युटर माझाच.

मी म्हटलं, एका घरात तीन सुना, आणि तिघींना वाटतं घर आपलं. ओमप्रकाश खुर्चीत मागे पडून हसला. म्हणाला, नागपूरला सगळ्यांना असंच समजावून सांगतो आता.

१२ फेब्रुवारी

तिघांनी एकदम छापायला दिलं. एकाच कागदावर वर ट्रकचा नंबर, खाली हजेरी, मधे कुणाचं तरी चलान. तिघी सुना एकाच चुलीवर! प्रत्येक खोटी मशीन सरळ प्रिंटरलाच हात घालत होती. ओमप्रकाशनं दाखवलं — हात घालू द्यायचा नाही, युनिक्सकडे द्यायला लावायचं, तो एकेकाला रांगेत उभं करतो. एक ओळ त्यानं बदलली. बाकी दोन मी.

दोन्ही चालल्या.

१६ फेब्रुवारी

धरमकाट्यावर आज मोठा तमाशा. तिथे भय्याजी बसतात, वर्ध्याकडचे, रिटायरमेंटला आलेले. ट्रक चढला, लोखंडानं गच्च भरलेला. पडद्यावर वजन शून्य. उतरवला, परत चढवला. शून्यच.

भय्याजींनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "सुशीलाबाई, खालून मारुतीनं उचलून धरला का हा ट्रक?"

सगळे ड्रायव्हर हसत सुटले. मीही हसले आणि वायरी तपासायला बसले. शेवटी समजलं ते असं — काट्याची वायर येते मशिनीच्या मागच्या भोकात. ते भोक युनिक्सनं आपल्या ताब्यात ठेवलेलं. खोट्या मशिनीलाही भोक आहे, पण तेही खोटंच, त्यात वारा. म्हणून शून्य. युनिक्सला बजावून सांगावं लागतं, हे भोक तू सोड आणि फक्त धरमकाट्यावाल्या मशिनीला दे. तसं फाइलीत लिहिलं. वजन आलं! भय्याजींनी पावती फाडून पहिल्यांदा मलाच दाखवली.

बसमध्ये खिडकीशी बसून उगाच हसत आले.

२१ फेब्रुवारी, रविवार

चंपतभाऊ आले होते. माझे दीर, इथे जवळच दुर्गला रेल्वेत आहेत. जयभीम झाला, चहा झाला, मग मुद्द्यावर आले. विजू एप्रिलमध्ये अठराचा होतो. साहेबांना आठवण करून द्या म्हणाले.

विसरले नव्हते मी. विजूचे बाबा कारखान्यात गेले, क्रेनखाली, तेव्हा विजू पंधराचा होता. ठरलं ते चंपतभाऊ आणि मॅनेजर साहेब यांच्यात — पोरगा मोठा होईपर्यंत जागा बाईला द्या, मग पोराला. मी कोपऱ्यात बसले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तेव्हा मी हो म्हणाले असते, कशालाही. टाइम ऑफिसात पाणी द्यायचं, कागद लावायचे असं काम. टायपिंग मी आपली आपणच शिकले, दुपारी टाइपरायटर रिकामा असायचा तेव्हा.

विजू खुश आहे. मित्रांना सांगून झालंय. भाऊ गेल्यावर मी नागपूरचं पुस्तक काढून बसले, तर जवळ आला. "आई, तू एवढं काहून शिकून राहिली? दो महीने की तो बात है."

खरंच की. भाजी करायला उठले.

२२ फेब्रुवारी

पुस्तक परत काढलं.

३ मार्च

ओमप्रकाश नागपूरला गेला. काही अडलं तर एसटीडी करा म्हणाला. अडलंच.

स्टोअरचा आणि अकाउंटचा कॉम्प्युटर, हे दोन खरे, काळ्या केबलनं मोठ्या मशिनीला जोडलेत. स्टोअरवाला चालू केला की अकाउंटवाला बंद पडतो. अकाउंटवाला चालू केला की स्टोअरवाला आंधळा. दोन्हीकडचे बाबू एकमेकांवर डोळे वटारून. केबल तपासली, टोकाच्या टोप्या तपासल्या. ठीक.

फोनवर ओमप्रकाश म्हणाला, दोघांचे पत्ते वाचून दाखवा. प्रत्येक मशिनीला एक नंबराचा पत्ता असतो. मी पहिला वाचला. दुसरा वाचायला लागले आणि मधेच थांबले. तोच! घाईत एकाची फाइल दुसऱ्यावर उतरवली होती. आमच्या टाउनशिपमध्ये दोन घरांना सेक्टर तोच, स्ट्रीट तीच आणि क्वार्टर नंबरही तोच दिला, तर पोस्टमन करेल काय?

"मेरी ही गलती है," तो तिकडून म्हणाला, आणि पुढे, "आपने पकड़ ली, सुशीलाजी."

शेवटचा आकडा बदलला. दोन्ही बाबू परत चहाला एकत्र.

१० मार्च

स्वप्नात फाइल दिसली. एक ओळ चुकलेली होती आणि मला ती दुरुस्त करायची होती, तर विजूनं उठवलं, पाणी आलं म्हणून. बादली भरेपर्यंत मी तीच ओळ शोधत होते.

१५ मार्च

मॅनेजर साहेबांनी स्वतःच विषय काढला. विजूला घ्यायला तयार आहेत. पण कुठे? हेल्पर म्हणून, यार्डात. मशिनीवर तो बसू शकत नाही, त्यासाठी नागपूरहून माणूस आणतील. आणि तो आला की माझी जागा संपली. एका घरातून एकच माणूस, ठरल्याप्रमाणे.

मी हो म्हणून बाहेर आले. यार्डात क्रेन चालू होती. त्या बाजूला मी बघत नाही, आज बघितलं.

१६ मार्च

विजूला सांगितलं, यार्डात हेल्पर. म्हणाला, चालते ना, शुरुआत में सब हेल्पर ही रहते हैं. बाबाही हेल्परच होते आधी. मग विचारलं, पगारातून हप्त्यावर मोटरसायकल घेता येईल का.

मला काय वाटलं ते लिहू का? राग आला. पोरावर नाही. पोराची काय चूक. मी तीन वर्षं खुर्ची धरून ठेवली, बसमध्ये रुमाल टाकून ठेवतात तशी. आता मला त्या खुर्चीतून उठवत नाही. आई असून असं वाटतं — हात अडतो लिहायला, पण असंच वाटतं. आणि क्रेन? क्रेनची भीतीही वाटते. पण ती भीती पुढे करून मी आपली हाव झाकते आहे का, तेही कळत नाही.

२० मार्च

काही विशेष नाही. डिस्पॅचवाल्याच्या पडद्यावर चहा सांडला. पडदा वाचला, डिस्पॅचवाला नाही.

३१ मार्च, बुधवार

वर्षअखेर! सकाळपासून फाटकापर्यंत ट्रकची रांग. त्यात अकाउंटवाल्यांनी हट्ट धरला, आम्हालाही एक खोटी मशीन पाहिजे, आजच. साहेबांनी मान डोलावली. मी चौथी उभी केली, आणि अर्ध्या तासात सगळंच रांगायला लागलं. भय्याजी एक आकडा दाबायचे आणि तो उमटेपर्यंत तंबाखू मळून व्हायची. मग तेही थांबलं. सगळे पडदे गोठले.

ओमप्रकाशला फोन — तो रायपूरला गेलेला. साहेब दारात उभे. नजर माझ्यावर, त्याचंच जास्त भ्या वाटलं.

मी खुर्ची ओढून बसले आणि स्वतःला म्हटलं, सुशीला, तीन सुना होत्या तेव्हा घर चालत होतं. चौथी आली, काय कमी पडलं? जागा! प्रत्येक खोट्या मशिनीला मेमरीचा एक वाटा लिहून दिलेला असतो. पहिल्या तिघींना आम्ही सढळ हातानं दिला होता, चौथीला उरलंच नाही, म्हणून मोठी मशीन सगळा वेळ एकीचं सामान उचलून दुसरीचं ठेवत बसली होती. धरमकाट्याला एवढा वाटा लागतच नाही, तो तर पावत्या काढतो.

पण वाटे बदलायचे तर चौघींना बंद करून परत उभं करावं लागणार. परत उभ्या राहिल्या नाहीत तर? साहेबांना विचारलं, बंद करू का. ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

मला हे इथे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"बंद करते," म्हणाले.

भय्याजींना सांगितलं, तोवर पावत्या हातानं लिहा. त्यांनी कुरकुर न करता पेन काढलं, काट्याच्या डब्यावरचा आकडा बघून लिहीत गेले, एकही ट्रक अडू दिला नाही. मी वाटे कमी केले. दोनदा वाचले. एकेक मशीन उभी केली. पहिली आली. दुसरी. तिसरी. चौथीनं जरा जीव खाल्ला, मग तीही आली. आणि भय्याजींचा ट्रक — पडद्यावर वजन, झटक्यात!

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, नागपूरचा माणूस आणायचा की नाही, घरी बोलून सांगा. तुम्ही राहिलात तर नोकरीत पक्क्या. मग विजूचं जमणार नाही. शुक्रवारी सांगा.

१ एप्रिल

चंपतभाऊंकडे विजूला घेऊन गेले. भाऊ म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील, मायनं पोराच्या ताटातलं घेतलं." विजू जमिनीकडे बघत बसला. मी म्हटलं, त्याला आयटीआयला घालते, पगार आहे माझा.

येताना रिक्षात विजू म्हणाला, "ते बाबाची जागा होती."

"होती," मी म्हणाले.

२ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. मी राहते.