इमदादुल सरांची नेमणूक

धुळे,
२३ जानेवारी १९७२

प्रिय धनकुंवर जीजी,

जय जिनेंद्र. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, रागावली असशील. आईचे गुडघे थंडीने धरलेत, पण देवळात जाणं काही चुकवत नाही. जामनेरला यंदा कापूस बरा आला असं ऐकतो. जिजाजींना दुकानातून जेवायला तरी सवड मिळते ना?

ढाक्याचे म्हातारे प्रोफेसर कधी येणार, असं तू विचारलंस. त्यांच्यासाठी नव्या कापसाची रजई भरून ठेवलीस म्हणे. ती सध्या तुझ्याकडेच राहू दे.

दिवाळीत तू माहेरी आलीस तेव्हा आपल्या माडीवर राहणारे करीमसाहेब तुझ्याशी थोडंफार बोलले होते. पण त्यांची पुरती हकीकत तुला ठाऊक नाही. एप्रिलमध्ये पूर्व बंगालातल्या राजशाही शहरात पाकिस्तानी लष्कर घुसलं आणि विद्यापीठातल्या मास्तरांनाच शोधू लागलं, तेव्हा ते रातोरात नदी ओलांडून आले. कलकत्त्याच्या शिक्षकांच्या समितीने आमच्या कॉलेजलाही लिहिलं होतं. आमचे अध्यक्ष चंपालालजी म्हणाले, "एवढी इमारत बांधली, तिच्यात एका माणसाला जागा नाही?" साहेब गणित शिकवू लागले. पोरं आधी त्यांच्या उच्चारांना हसायची. पण दुसऱ्याच महिन्यात मागच्या बाकावरचा कौतिक उठून म्हणाला, "सर, बठ्ठं समजनं!" साहेबांना 'बठ्ठं' म्हणजे 'सगळं' हे मला सांगावं लागलं. मग तेच दिवसभर म्हणत फिरत होते.

आईने त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवला होता, तो शेवटपर्यंत वेगळाच राहिला. ते स्वतः धुऊन पालथा घालायचे. मी आईला बोललो तर तेच म्हणाले, "राहू द्या. मला या घरात झोप लागते, एवढं खूप झालं."

त्यांना ज्यांनी गणित शिकवलं ते इमदादुल सर ढाक्यातच अडकले होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सीमा ओलांडून येणाऱ्या एका माणसाकडून त्यांचा निरोप आला होता, "निर्वासित म्हणून कुणाच्या दारात उभा राहणार नाही. शिकवायला बोलावलं तर येतो." आमच्या कॉलेजने लगेच ठराव केला. पण दुसरी जागा म्हटल्यावर विद्यापीठाची मान्यता हवी होती.

त्यासाठी मी विद्यापीठाच्या कचेरीत खेटे घातले. तिथले अधिकारी सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "मूळ पदवीपत्र लागेल."

"साहेब, त्यांच्या घराची झडती झाली आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी यायचं आहे त्यांना."

"मला कळतं हो. पण नियमात कुठे बसवू?"

त्यांनी खरंच नियम काढून दाखवले. मीही वाचले. कुठेच बसत नव्हतं. तिथे कुणाशी भांडणार? भांडण्यासारखं कुणी वागतच नव्हतं. अर्ज या समितीकडून त्या समितीकडे जात राहिला.

मान्यता आली नोव्हेंबरच्या अखेरीला. चंपालालजींनी पेढे वाटले. नेमणुकीचं पत्र कलकत्त्याला गेलं, तिथून कुणाच्या तरी हाती पलीकडे जायचं होतं. तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि ते कलकत्त्यातच पडून राहिलं.

ढाका जिंकल्याची बातमी आली तेव्हा आग्रा रोडला मिरवणूक निघाली. पोरांनी करीमसाहेबांना खांद्यावर घेतलं. साहेब हसत होते, रडत होते. मला म्हणाले, "आता सरांना मीच आणायला जातो."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी आम्ही रेडिओ ऐकत बसलो होतो. कलकत्ता केंद्रावर बंगालीत नावं वाचत होते. मला भाषा कळत नाही, पण सरांचं नाव कळलं. शरणागतीच्या आधी डोळ्यांना पट्ट्या बांधून प्रोफेसरांना, डॉक्टरांना घरातून नेलं होतं. शहराबाहेरच्या वीटभट्टीजवळ सापडले सगळे. साहेबांनी रेडिओ बंद केला नाही. यादी संपेपर्यंत बसले, मग कोट घातला आणि वर्गावर गेले. त्या दिवशी त्यांनी पूर्ण तास शिकवलं. कौतिक सांगत होता, एकदाही फळ्याकडून वर्गाकडे वळले नाहीत.

जीजी, हे तुला लिहायचं टाळत होतो. आणि पुढचंही. साहेब इथे नाहीत. या महिन्याच्या सुरुवातीला परत तिकडे गेले. प्राचार्यांनी समजावलं, चंपालालजी घरी येऊन बसले. मी म्हटलं, "तिथे अजून बंदुका फिरताहेत. निदान परीक्षा होईपर्यंत थांबा." ते म्हणाले, "निर्मलबाबू, तिथे आता शिकवायला उरलंय कोण?" स्टेशनवर हमालासारखी त्यांची वळकटी उचलून दिली, तेवढंच माझ्याकडून झालं.

अजून त्यांची एक ओळ नाही. आई रोज विचारते, "करीमभाईंचं काही कळलं का?"

आणि काल विद्यापीठाकडून कॉलेजला विचारणा आली. मंजूर झालेल्या जागेवर प्रोफेसर इमदादुल हे मुदतीत रुजू का झाले नाहीत, त्याचा खुलासा करावा, नाहीतर जागा रद्द समजण्यात येईल. प्राचार्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "अर्ज तुम्हीच केला होता, खुलासाही तुम्हीच लिहा," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

सकाळपासून बसलो आहे. 'महोदय' लिहून झालं आहे. त्याच्यापुढे काय लिहितात, जीजी?

तुझा,
निर्मल